हत्ती हुशार आहे, म्हणून?

न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने 14 जून 2022 रोजी एका हत्तिणीच्या सुटकेचा अर्ज पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. हत्तिणीचे नाव हॅपी. 1977 पासून ती ब्रॉन्क्सच्या प्राणिसंग्रहालयात होती. ‘नॉनह्यूमन राइट्स प्रोजेक्ट’ या संस्थेने तिच्या वतीने हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला होता, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसासाठी करतात तसाच. अर्जाचा मुख्य भर हत्तीच्या बुद्धीवर होता: त्याला स्वतःची जाणीव असते, तो आठवण ठेवतो, स्वतःच्या इच्छेने निर्णय घेतो, म्हणून कायद्याने त्याला ‘व्यक्ती’ मानावे. हत्ती बुद्धिमान आहेत आणि त्यांची नीट काळजी घेतली गेली पाहिजे याबद्दल कोणाचे दुमत नाही, असे बहुमताच्या निकालपत्रानेही म्हटले. मात्र हेबिअस कॉर्पसचा उपाय माणसांसाठी आहे, एवढे सांगून अर्ज निकालात काढला.

या निकालावर जो वाद झाला, आणि एखादा हत्ती देवळातून, मठातून किंवा सर्कशीतून हलवायची वेळ आली की आपल्याकडेही जो होतो, तो वाद मुळातच चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो असे मला वाटते. प्राण्यांची बाजू घेणारे हत्तीची स्मरणशक्ती, डॉल्फिनच्या शिट्ट्या आणि चिंपांझींची अवजारे यांची यादी वाचून दाखवतात. समोरचे म्हणतात की यातले काहीही माणसाच्या जवळपास पोहोचत नाही. एक पक्ष प्राण्याला शिडीवर दोन पायऱ्या वर चढवतो, दुसरा त्याला खाली ओढतो, आणि अशी एकच शिडी असते का, असलीच तर तिच्या पायऱ्या मोजून न्याय करायचा का, हे दोघेही विचारत नाहीत. आपले सरकारही यातून सुटलेले नाही. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने मे 2013 मध्ये डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे उभारण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. निर्णय उत्तम होता, पण त्यासाठी दिलेल्या कारणांत डॉल्फिन अत्यंत बुद्धिमान असल्यामुळे त्यांना ‘मानवेतर व्यक्ती’ समजले पाहिजे, हा विचार होता. समजा डॉल्फिन मंदबुद्धी निघाले असते, तर त्यांना क्लोरीनच्या टाकीत कोंडून चेंडू उडवायला लावणे योग्य ठरले असते काय? बुद्धी हा अभ्यासाला अतिशय रसाळ विषय आहे, परंतु न्यायाचा पाया म्हणून ती पोकळ आहे, आणि त्या पायावर उभे राहून प्राण्यांची बाजू लढवणारे स्वतःच्याच अशिलाचे नुकसान करतात, असे माझे म्हणणे आहे.

हॅपीचेच उदाहरण घेऊ. गॉर्डन गॅलप यांनी 1970 मध्ये चिंपांझींसाठी आरशाची चाचणी तयार केली. प्राण्याच्या नकळत त्याच्या चेहऱ्यावर रंगाची खूण करायची, समोर आरसा ठेवायचा, आणि तो हात स्वतःच्या चेहऱ्याला लावतो की आरशातल्या खुणेला, हे पाहायचे. ब्रॉन्क्समधल्या हत्तिणींची हीच चाचणी त्यांच्या आकाराला साजेशा मोठ्या आरशासमोर झाली आणि तिचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. हॅपीने सोंडेने स्वतःच्या कपाळावरच्या खुणेला वारंवार स्पर्श केला. पुढे न्यायालयीन लढाईत हे तिचे प्रशस्तिपत्र ठरले. पण त्या चाचणीत हत्तिणी तीन होत्या. मॅक्सीन आणि पॅटी यांनी त्या खुणेला सोंड लावली नाही. चाचणी उत्तीर्ण होणे हा जर सुटकेचा आधार असेल, तर हॅपीला अभयारण्यात पाठवावे आणि उरलेल्या दोघींना कुंपणातच ठेवावे, हा निष्कर्ष कसा टाळणार? अर्जदार म्हणतील की एक हत्तीण उत्तीर्ण झाली म्हणजे हत्तीची जात उत्तीर्ण झाली. मग चाचणी व्यक्तीची घेतली आणि निकाल जातीला दिला, असे होते. आणि ज्या अर्जाचा सगळा जोर प्रत्येक हत्ती ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे यावर आहे, त्याच अर्जाला हे सर्वांत कमी शोभते.

शिवाय ती चाचणी तरी काय मोजते? कुत्रे तिच्यात नापास होतात. ज्या प्राण्याचे जग वासाने भरलेले आहे, त्याला काचेतल्या बिनवासाच्या चित्राबद्दल आस्था का वाटावी? याउलट, मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा क्लीनर रास नावाचा बोटभर मासा 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आरशात गळ्यावरची खूण पाहून तळाशी अंग घासू लागला. त्यानंतर जे झाले ते मोठे गमतीचे आहे. माशाला आत्मभान बहाल करण्याऐवजी अनेकांनी चाचणीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. हत्ती उत्तीर्ण झाला तेव्हा चाचणी चांगली होती, मासा उत्तीर्ण झाल्यावर ती संशयास्पद झाली. म्हणजे कोण हुशार हे आधीच ठरलेले होते, चाचणी फक्त त्यावर शिक्का मारण्यासाठी होती.

प्राण्यांच्या बुद्धीच्या संशोधनाचा इतिहास पाहिला तर परीक्षकाची चूक परीक्षार्थ्याच्या माथी मारल्याची उदाहरणे पानोपानी सापडतात. गिबन हे वानर एकेकाळी मागासलेले समजले जात, कारण सपाट पृष्ठभागावर पडलेली दोरी ओढून खाऊ मिळवणे त्यांना जमत नसे. 1967 मध्ये बेंजामिन बेक यांनी त्याच दोऱ्या गिबनच्या खांद्याच्या उंचीवर लावल्या आणि कोडे सुटले. फांद्यांना लोंबकळण्यासाठी घडलेल्या लांब, आकड्यासारख्या बोटांना जमिनीवरची दोरी उचलताच येत नव्हती. उणीव डोक्यात नव्हती. हत्तीला काठी देऊन उंचावरचे फळ पाडायला सांगितले की तो नापास होई. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या कंडुला या तरुण हत्तीने मात्र प्लॅस्टिकचा मोठा ठोकळा ढकलत आणून, त्यावर पाय ठेवून फळ गाठले. हे संशोधन 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. सोंडेत काठी धरली की सोंड वास घेण्याच्या कामातून जाते, आणि अन्न शोधताना हत्ती सर्वांत जास्त भरवसा ठेवतो तो वासावर. आपण त्याला डोळे झाकून सुईत दोरा ओवायला सांगत होतो आणि त्याच्या मेंदूला दोष देत होतो.

मेंदूच मोजावा म्हटले तरी निकाल लागत नाही. आफ्रिकी हत्तीच्या मेंदूत सुमारे 257 अब्ज चेतापेशी असतात, माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज. हत्ती तिप्पट हुशार म्हणावा, तर त्याच्या चेतापेशींपैकी जवळजवळ 98 टक्के अनुमस्तिष्कात, म्हणजे हालचालींचा मेळ राखणाऱ्या मागच्या लहान मेंदूत असतात. विचाराशी जोडल्या जाणाऱ्या बाह्य आवरणात माणसाच्या 16 अब्ज पेशींसमोर हत्तीच्या साडेपाच अब्जांच्या आसपास भरतात. ऑक्टोपसच्या सुमारे 50 कोटी चेतापेशींपैकी बहुतांश त्याच्या आठ बाहूंत विखुरलेल्या असतात. मधमाशीकडे तर दहा लाखही नाहीत, तरी पोळ्याच्या अंधारात सूर्याचा कोन गुरुत्वाकर्षणाच्या दिशेत बदलून ती फुलोऱ्याचा पत्ता नाचून सांगते. आपली सातेरी मधमाशी झाडाच्या ढोलीत, उभ्या पोळ्यावर हा नाच करते. उघड्यावर लहानसे पोळे बांधणारी फुलोरी मधमाशी पोळ्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि थेट अन्नाच्या दिशेला तोंड करून धावते, तिला कोन बदलावाच लागत नाही. या दोघींत हुशार कोण? प्रश्नच चुकीचा आहे हे इथे चटकन पटते. मग हत्ती आणि माणूस समोर आले की तोच प्रश्न आपल्याला शहाणपणाचा का वाटू लागतो?

विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा संशयवाद्यांकडे आहे, आणि तो मी पूर्ण मान्य करतो: माणूस प्राण्यांच्या वागण्यात स्वतःचे मन वाचायला फार उतावीळ असतो. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा बेरीज, वजाबाकी आणि अपूर्णांकांची उत्तरे टापा आपटून देत असे. 1904 मध्ये नेमलेल्या समितीलाही कसली लबाडी आढळली नाही. पुढे ओस्कार फुंक्स्ट यांनी दाखवून दिले की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसले किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्सचे गणित कोलमडते. बरोबर आकड्यावर टापा पोहोचल्या की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हले, आणि घोडा थांबे. ऑक्सफर्डमधल्या बेटी या न्यू कॅलेडोनियाच्या कावळीने 2002 मध्ये सरळ तारेचा आकडा करून खाऊ वर काढला तेव्हा तिच्या अंतर्दृष्टीचे केवढे कौतुक झाले. 2016 मध्ये असे आढळले की त्या जातीचे कावळे काटक्या असेच वाकवत असतात, म्हणजे बेटीच्या करामतीत नव्या शोधापेक्षा जातीच्या अंगभूत सवयीचा वाटा मोठा असू शकतो. वनस्पतींच्या बाबतीत तर उत्साहाला धरबंधच राहिलेला नाही. झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात आणि आपली पिल्ले ओळखून त्यांना जेवू घालतात, ही कथा जगभर पसरली, आणि 2023 मध्ये त्याच क्षेत्रातल्या संशोधकांनी पुराव्यांची फेरतपासणी करून या दाव्यांना जंगलातल्या प्रयोगांचा आधार फार तोकडा आहे असे दाखवले.

हे सर्व मान्य केले, तर माझ्या मुद्द्याचे काय होते? तो अधिकच पक्का होतो. ज्या गुणाबद्दल तज्ज्ञांचे मत दर दहा-पंधरा वर्षांनी पालटते, त्या गुणावर एखाद्या जिवाचे भवितव्य टांगून ठेवणे शहाणपणाचे आहे काय? बेटीचे मोल 2016 मध्ये कमी झाले असे आपण म्हणणार आहोत का? आणि हान्सबद्दल एक गोष्ट सांगायची राहतेच. समितीतल्या विद्वानांना जी हालचाल दिसली नव्हती, ती त्या घोड्याला दर वेळी दिसत होती. कळपात राहणाऱ्या जनावराला शेजाऱ्याच्या अंगाची सूक्ष्म हालचाल वाचता येणे हे जगण्याचे कौशल्य आहे. अपूर्णांक हे नाही. हान्सला गणित येत नव्हते हे सिद्ध झाले, आणि त्याला जे खरोखर येत होते ते फसवणूक या सदरात जमा झाले.

दुसऱ्या टोकाला गेलेल्यांशीही माझे जमत नाही. फायझॅरम नावाची पिवळी, एकपेशी श्लेष्मबुरशी चक्रव्यूहातून अन्नापर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग शोधते हे जपानी संशोधकांनी 2000 मध्ये दाखवले. 2010 मध्ये टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे ठेवल्यावर तिने तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी तुलना करण्याजोगे जाळे विणले. थक्क करणारी गोष्ट आहे, पण म्हणून तिला बुद्धिमान म्हणायचे तर उतार शोधणाऱ्या नदीलाही म्हणावे लागेल. सगळेच बुद्धिमान, असे म्हणणारा माणूस उदार दिसतो, पण तोही त्याच मापावर विसंबलेला असतो. बुरशीला मान द्यायचा तर आधी तिला हुशार ठरवले पाहिजे, ही अट त्यानेही गुपचूप स्वीकारलेली असते.

मग माणूस खास नाहीच का? आहे, आणि ते नाकारण्यात प्राण्यांचे काही भले नाही. लाइपझिगच्या संशोधकांनी 2007 मध्ये अडीच वर्षांची 105 मुले, 106 चिंपांझी आणि 32 ओरांगउटान यांच्या एकाच संचातील चाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. जागा लक्षात ठेवणे, कमी-जास्त ओळखणे, कार्यकारण समजणे यांत मुले आणि चिंपांझी जवळजवळ सारखे ठरले. दुसऱ्याचे पाहून शिकण्यात मात्र मुले कितीतरी पुढे होती. माणसाचे सामर्थ्य एकट्याच्या डोक्यापेक्षा पिढ्यांनी साठवून हाती दिलेल्या ज्ञानात अधिक आहे. ते ज्ञान काढून घेतले की काय उरते, हे ऑस्ट्रेलियात 1861 साली दिसले. मेलबर्नहून मोठ्या थाटात निघालेल्या मोहिमेचे बर्क आणि विल्स कूपर क्रीकच्या काठी उपासमारीने मेले. जिथे यांड्रुवांधा लोक पिढ्यान्‌पिढ्या जगत होते, तिथेच. त्या लोकांप्रमाणे त्यांनीही नार्डू या वनस्पतीचे पीठ खाल्ले, पण ते करायची रीत त्यांना ठाऊक नव्हती, आणि अनेक अभ्यासकांच्या मते त्यातल्या घटकाने त्यांच्या शरीरातले ब-1 जीवनसत्त्व नष्ट केले. त्यांचा साथीदार किंग वाचला तो त्या लोकांनी त्याला आपल्यात घेतले म्हणून. माणसाचे वेगळेपण असे खरे आहे, पण त्यातून इतरांना वेदना देण्याचा अधिकार कसा निघतो, याची पायरी मला आजवर कोणी दाखवलेली नाही.

उलट, बुद्धीच्या मापाने हक्क कापायला लागले की ती कात्री माणसापर्यंत येते, याला इतिहास साक्षी आहे. आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत मिळावी म्हणून. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे हे त्यांना मान्य नव्हते. अटलांटिक ओलांडताच त्याच चाचणीची चाळणी झाली. 1927 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीला मंदबुद्धी ठरवून तिचे सक्तीचे निर्बीजीकरण आठ विरुद्ध एक मतांनी वैध केले, आणि मूढांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या अशा अर्थाचे वाक्य न्यायमूर्ती होम्स यांनी निकालपत्रात लिहिले. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती पुढे शाळेत चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. इथे कोणी म्हणेल की चूक मापनाची होती, तत्त्वाची नव्हती. पण मुलगी खरोखरच मंदबुद्धी असती तर तो निकाल न्याय्य ठरला असता काय? ज्याला ‘नाही’ असे उत्तर द्यावेसे वाटते, त्याने हत्तीच्या बाबतीत बुद्धीचा दाखला मागू नये आणि पुढेही करू नये.

एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. बुद्धीचा दुःखाशी संबंध नाही असे कसे म्हणता येईल? ज्याला आठवते तो विरह सोसतो, ज्याला कुतूहल आहे तो कोंडवाड्यात कंटाळतो. हे खरेच आहे. प्राण्याची बुद्धी जाणून घेतल्याशिवाय त्याला काय बोचते हे कळत नाही, म्हणून तो अभ्यास हवाच. मात्र ते ज्ञान आपल्या वागण्याला दिशा देण्यासाठी आहे, प्राण्याची पायरी ठरवण्यासाठी नव्हे. जुन्नर परिसरात उसाच्या फडांत राहणारे बिबटे पिंजरे लावून पकडायचे आणि दूरच्या जंगलात सोडायचे, हा उपाय 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास वाढले. आपला मुलूख, तिथल्या वाटा, तिथल्या माणसांच्या वेळा ओळखून असलेला बिबट्या अनोळखी जागी टाकला की काय होणार? बिबट्याच्या जाणण्याचा विचार आधी केला असता तर माणसांचे जीवही वाचले असते. आज मात्र ‘बिबट्या चलाख झालाय’ एवढेच आपण म्हणतो, आणि तेही तक्रारीच्या सुरात.

बुद्धी नाही तर रेषा कुठे ओढायची, डासाचे काय, असे विचारले जाते. रेषा ओढणे अवघड आहे, पण वेदनेच्या आधारे ती ओढता येते हे ब्रिटनने 2022 च्या कायद्यात दाखवले. खेकडे, झिंगे, शेवंडे आणि ऑक्टोपस यांना त्यांनी संवेदनक्षम प्राण्यांत सामील केले. त्याआधी झालेल्या पुराव्यांच्या तपासणीत खेकडा हुशार आहे का, असे विचारले नव्हते. इजा टिपणाऱ्या पेशी आहेत का, भूल दिल्यावर वागणे बदलते का, इजा आणि लाभ यांचा तोल प्राणी सांभाळतो का, असे विचारले होते. शंखात राहणारा खेकडा विजेचा सौम्य धक्का बसल्यावर हलक्या प्रतीचा शंख लवकर सोडतो, चांगला शंख सोडायला खळखळ करतो, हे प्रयोगांत दिसले आहे. नुसत्या प्रतिक्षेपाला, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचालीला, शंखाची प्रत कळत नाही. डासापर्यंत हा पुरावा पोहोचला आहे की नाही यावर मतभेद होतील, ते होऊ द्यावेत. निदान ते योग्य प्रश्नावरचे मतभेद असतील.

हा प्रश्न ‘त्यांना विचार करता येतो का’ असा नसून ‘त्यांना दुःख होते का’ असा आहे, हे इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी 1789 मध्ये लिहिले. आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. पैठणच्या आख्यायिकेत ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, हे प्रत्येक मराठी मुलाला माहीत असते. त्याच आख्यायिकेत रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला जातो आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उठतात, हा भाग आपण भरभर वाचून पुढे जातो. वेदपठण ही जमलेल्या विद्वानांना हवी असलेली परीक्षा होती, आणि रेडा उत्तीर्ण झाल्याचा चमत्कार आपण चित्रांत रंगवला. पण रेडा आणि आपण एकच आहोत हे ज्ञानेश्वरांचे म्हणणे वळांनी आधीच सिद्ध झाले होते. त्यासाठी त्या जनावराला ऋचा येण्याची गरज नव्हती. मला ही कथा बुद्धिवादी युक्तिवादावरची सर्वांत जुनी मराठी टीका वाटते, जरी सांगणाऱ्यांच्या मनात तसे नसेल.

आपला 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदाही याच बाजूचा आहे. अनावश्यक वेदना किंवा यातना देणे हा त्याच्या दृष्टीने गुन्हा आहे. ती गाढवाला दिली की हत्तीला, याने फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा बैल किती हुशार आहे हा मुद्दा नव्हता. त्याला भय आणि वेदना होतात हा होता. 2023 मध्ये घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवून शर्यतींना वाट करून दिली, तेव्हाही खरा वाद त्या दुरुस्त्यांमुळे बैलाच्या यातना कमी झाल्या की नाही, यावर होता. त्या निकालाशी असहमत होता येते, पण तो वाद तरी योग्य जमिनीवर होता. दुबळेपणा आहे तो दुसरीकडे. जनावराला अमानुष मारहाण केल्याबद्दल, अतिश्रमाने मोडून टाकल्याबद्दल या कायद्याच्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला ठेवलेला दंड किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये आहे. 2022 मध्ये केंद्राने तो वाढवणारा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला, तेव्हा हत्तीच्या बुद्धीवर हिरिरीने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या पन्नास रुपयांबद्दल दोन ओळी लिहून पाठवल्या असतील?